कूलरपुढची जागा

आपल्या घराला मानवेल असा कुत्रा निवडणे ही माणसाच्या विवेकाची परीक्षा असते. आमचे शेजारी वानखडे यांनी ती अकोल्यात हस्की आणून दिली. ही जात बर्फात गाड्या ओढते. वानखडे तिच्या निळ्या डोळ्यांवर भाळले होते.

मागच्या मे महिन्यात एका दुपारी त्यांच्याकडे गेलो, तर हस्की कूलरपुढे आडवा पडून धापा टाकत होता. आमच्याकडे ती जागा जावयाची असते. त्यांचे जावई दारामागच्या खुर्चीत घाम पुसत बसले होते.

"बाबा, चिखलदऱ्याला माझा मित्र आहे, त्याला देऊन टाका. तिथं थंड राहते," जावई म्हणाले.

वानखडेवहिनींनी कुत्र्याच्या पंज्यांवर ओला पंचा ठेवला. "तो म्हणाला होता का, मला अकोल्याला न्या म्हणून? आपण आणलं, आता आपणच निभवू."

निवड करताना माणूस घराकडे कुठे बघतो? ती बहुधा चुकतेच, आणि मग उरलेली वर्षे घरच तिच्याभोवती सरकवत राहावे लागते. त्यातच दमायला होते.

कुत्रा अजून तिथेच आहे. जावई हल्ली हिवाळ्यात येतात.