कोरं वकीलपत्र

मंगळवार. आज काम एकच होतं: टेंपोच्या धडकेत ह्यांचा पाय मोडला, त्या भरपाईच्या दाव्यासाठी वकील ठरवणे. दोघांनी कागद न बघताच "नक्की जिंकू" म्हटलं होतं. तिसरे वकील म्हणजे आमचे नवनगरातले शेजारी. हे गृहस्थ दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा बोट ठेवून वाचतात. दुधाच्या रांगेत त्यांच्या मागे उभं राहून मला वैताग यायचा. दवाखान्याचे कागदही त्यांनी तसेच वाचले. कंटाळून मी वकीलपत्र ओढलं आणि कोऱ्यावरच सही केली.

त्यांनी ते फाडलं.

"अक्का, मीच लबाड निघालो तर?"

"मग काय करू?"

"मी भरून ठेवतो. उद्या चष्मा घेऊन या."

घरी येऊन ह्यांना म्हटलं, "वकील मिळाला."

बुधवार. सकाळी मी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून सगळं वाचलं आणि सही केली.