नर्मदा आली का?

आमच्या वन्संइतकी अस्वस्थ बाई अख्ख्या इंदुरात दुसरी नाही, आणि असलीच तर ती एका जागी सापडणार नाही, म्हणून आपल्याला तिचा पत्ता नाही. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. आजकाल नणंदेला वन्सं कुणी म्हणत नाही हे मलाही माहीत आहे. लग्न होऊन मल्हारगंजातल्या या घरात आले तेव्हा मीही आधी ‘ताई’ म्हणून पाहिलं होतं, पण त्या हाकेला त्यांनी कधी ओ दिली नाही. ‘वन्सं’ म्हटलं की मात्र जिना उतरता उतरता थांबतात, कारण हे काय जुनंपुराणं काढलंय म्हणून त्यांना हसू येतं. लग्न त्यांनी केलं नाही. त्यांचं म्हणणं, बोहल्यावर तेवढा वेळ उभं कोण राहणार. वरच्या मजल्यावर राहतात, शहराबाहेरच्या राऊ गावातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, आणि स्कूटर व बस ही दोन ठिकाणं सोडली तर त्यांना बसलेलं मी पाहिलेलं नाही. सकाळचे पोहे त्या ओट्याला टेकून उभ्यानेच खातात, तेही शेवेचा डबा उघडेपर्यंत दम निघत नाही म्हणून पुष्कळदा नुसतेच. माझ्या भाच्याच्या लग्नात फोटोसाठी सगळं घर स्टेजवर जमलं आणि वन्सं गायब. शेवटी त्या मंगल कार्यालयाच्या कारंज्याशी सापडल्या, पैठणीचा पदर खोचून, हातात माझी चहाची गाळणी. ती गाळणी लग्नाला कशी आली हे मी विचारलं नाही. तोपर्यंत मला सवय झाली होती.

गाळणीचं मूळ त्यांच्या पीएच.डी.त होतं. पंचेचाळिशी गाठल्यावर, कॉलेजातले बरोबरीचे लोक निवृत्तीच्या गोष्टी बोलू लागले तेव्हा, वन्संनी संशोधनाला नाव नोंदवलं. विषय असा की धरणावर वीज तयार होते तेव्हा धरणाखालच्या नदीतल्या जिवांचं काय होतं. त्यातही त्यांचं लक्ष मेफ्लाय नावाच्या एका नाजूक किड्यावर. त्याला मराठीत सोयीचं नाव नाही, त्यामुळे घरात त्याचं नाव ‘वन्संचे किडे’ असं पडलं. हे किडे काठावरच्या ओल्या दगडांना अंडी चिकटवतात, त्यांच्या अळ्या दगडांखाली वाढतात, आणि त्या अळ्यांवर मासे जगतात. एवढं मला स्वयंपाक करता करता पाठ झालं. माझी मुरंब्याची बरणी धरणाच्या वरच्या अंगाहून आणलेल्या, स्पिरिटमधल्या अळ्यांनी भरली आणि जिन्याच्या पायऱ्यांवर दगड आले, प्रत्येकावर रंगाने नंबर. हे एकदा घाईत चौदा नंबरावरून घसरले. वन्सं धावत आल्या आणि आधी दगड उचलून पाहिला.

त्यातून मग आमच्या विजेवर पहारा बसला. संध्याकाळी शहरभर दिवे लागतात, विजेची मागणी वाढते, म्हणून धरणावर त्याच वेळी जास्त पाणी सोडतात आणि खालची नदी एकदम चढते, हे त्यांनी आम्हाला समजावलं होतं. त्यामुळे सात वाजले की त्या ट्यूबलाइटकडे अशा बघत, की बटण दाबणाऱ्याला ओशाळायला व्हावं. एकदा मी चटणीला मिक्सर लावला तर दारात येऊन म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही इथे मिक्सर लावता ना, तिकडे एक अळी वाहून जाते.” मी दोन दिवस चटणी पाट्यावर वाटली. तिसऱ्या दिवशी खांदा भरून आला तेव्हा म्हटलं, “वन्सं, अळीला आता पोहायला शिकवा.” यावर त्या रागावल्या नाहीत. खाली वाकून वहीत काहीतरी लिहिलं. माझी खात्री आहे, त्यांनी तेही तपासून पाहिलं असणार.

आमच्याकडे नळाला पाणी आलं असं कुणी म्हणत नाही, नर्मदा आली म्हणतात. इतक्या लांबून ती पाइपातून, एक दिवसाआड, सकाळी तासभर येते, आणि त्या तासात सगळ्या गल्लीची धांदल उडते. नर्मदेचा दिवस असला की पहाटेपासून वन्संच्या जिन्यावर फेऱ्या. “वहिनी, नर्मदा आली का?” नाही म्हटलं तर पाच मिनिटांनी पुन्हा तेच. नळ नुसता खोकला तरी त्या चार पायऱ्या सोडून खाली. बादल्या भरणं माझ्याकडे. त्या पहिली धार गाळणीतून गाळून बघत. पाइपातून काय येणार, असं मी म्हणे. “नदी आहे ना,” एवढंच त्या म्हणत.

अशी पाच वर्षं गेली. मुदतवाढ दोनदा झाली, आणि मार्चअखेर प्रबंध दिला नाही तर नोंदणीच रद्द होणार, असं विद्यापीठाचं पत्र आलं. यजमानांनी त्या पत्राआधीच वन्संच्या नावाची पितळी पाटी करून आणली होती, पुढे ‘डॉ.’ कोरलेली. ती कपाटात माझ्या साड्यांखाली ठेवली. प्रबंध टाइप झाला. निष्कर्ष वाईट होता. काठावरच्या दगडांवर तीन वर्षांत एक अंडं सापडलं नव्हतं, त्या अर्थी हे किडे तिथून संपले, असं वन्संनी लिहिलं होतं. ते पान टाइप करून त्या जेवायला आल्या आणि चक्क खुर्चीवर बसल्या. मला भीतीच वाटली.

छपाईला देण्याआधी एक चांगला फोटो हवा होता, म्हणून मार्चच्या मध्यात त्या नर्मदेवर निघाल्या आणि मीही सोबत गेले. सकाळची बस साडेदहाला धरणाखालच्या गावात पोचते आणि तीच दोनला परत फिरते. वन्सं नेहमी याच बसने यायच्या. घाटावर पाणी खाली खाली गेलेलं, मध्ये गुडघाभर, बाकी दगडच दगड. वन्सं पाण्याच्या कडेचा एकेक दगड उलटून मला दाखवत होत्या, बघा, काही नाही. तिथे जाळं सुकत घालणारी एक केवटीण, म्हणजे तिकडची कोळीण, बराच वेळ आमच्याकडे बघत होती. वन्संना ती ओळखत असावी. म्हणाली, “दीदी, इत्ते साल से देख रही हूँ. तुम जब आती हो, मैया घर पे रहती कहाँ है? शाम को आओ मिलने.”

वन्सं हसल्या. मग हसू तसंच राहिलं आणि त्या वळून घाटाकडे बघू लागल्या. आमच्या पाठीमागे, पुरुषभर उंचावर, पायऱ्यांवर ओलीची एक काळी रेघ होती. त्या धावत वर गेल्या. रेघेजवळचा एक दगड उलटला, दुसरा उलटला, चष्मा कपाळावर सारला. मी धापा टाकत पोचले तेव्हा त्यांनी दगड माझ्यापुढे धरला. त्याला खसखस चिकटावी तसा पिवळसर थर होता, उन्हाने वाळून कडक झालेला.

“ही अंडी आहेत, वहिनी,” त्या म्हणाल्या. “मी खाली शोधत होते.”

दोनची बस आम्ही जाऊ दिली. दिवेलागणीच्या सुमाराला लांबून सरसर आवाज आला, पाणी दगडांमधून वर चढू लागलं आणि बघता बघता त्या काळ्या रेघेपर्यंत आलं. त्याच्यावर किड्यांचा धूसर थवा नाचत होता, आणि एकेक किडा काठाच्या दगडाला टेकत होता, जो दगड सकाळी उघडा पडणार होता. वन्सं अगदी हळू म्हणाल्या, “नर्मदा आली.” हे शब्द मी त्यांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले होते. त्या वेळी मला रडू आलं. किडे संपले नव्हते. रोज येत होते, पाणी आहे असं समजून अंडी घालत होते, आणि बसने येणाऱ्या बाईला ते कधी भेटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी घरी आल्यावर वादाला तोंड फुटलं. त्यांचे गाइड फोनवर म्हणाले, “मॅडम, सबमिट कर दीजिए, वहाँ कौन देखने जाएगा.” यजमान म्हणाले, “ताई, ते सर बरोबर बोलतायत. डिग्री घे यार, बाकी बाद में कर.” वन्सं खोलीभर फिरत होत्या. मग माझ्यासमोर थांबल्या. “वहिनी, जे रोज येतात त्यांना मी संपले कसं लिहू?” मला विज्ञानातलं कळत नाही. मी म्हटलं, “नका लिहू.” हे त्या दिवसापासून आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले.

मार्च संपला, नोंदणी रद्द झाली. वन्संनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर नव्याने अर्ज भरला, कॉलेजातून वर्षाची रजा घेतली आणि त्या केवटिणीच्या शेजारी एक खोली घेऊन राहायला गेल्या. जाताना पायऱ्यांवरचे दगड नेले, बरणी स्वच्छ घासून परत दिली. गाळणी नेली.

जिना आता मोकळा आहे, कुणी घसरत नाही, आणि मला ते मुळीच आवडत नाही. मिक्सर लावला की हात क्षणभर थांबतो. पाटी अजून साड्यांखाली आहे. परवा यजमानच म्हणाले, तिला चिंचेने घासून ठेव, काळी पडेल. नर्मदेच्या दिवशी पहाटे फोन मात्र वाजतो, आणि तिकडून पहिलं वाक्य तेच येतं, “वहिनी, नर्मदा आली का?” मी आली म्हणते, नाही तर नाही म्हणते, बादली सरकवते, आणि मग विचारते, “तिकडे?”

“आली होती,” वन्सं म्हणतात. “आत्ताच गेली. मी इथेच बसलेय.”