साडेसातीचा ठेका

आंजी मोठी गावच्या चंद्रभानला ढोलक कोणी शिकवला नाही. बाप कपाशीत, आजा कपाशीत, आणि याचा हात सदा धान्याच्या रिकाम्या डब्यावर. भजनी मंडळात जाऊन बसला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. पण ढोलकवाल्याला विचारतो कोण? लोक ऐकतात गळा. गळा सदाशिवरावांचा. गावात कापडाचं दुकान, अंगात पांढराशुभ्र सदरा, आणि आवाज खरंच गोड, खोटं कशाला बोला.

सत्त्याण्णव साली सदाशिवरावांनी नागपूरला भजनांची कॅसेट काढली, तेव्हा चंद्रभानला साडेसाती चालू होती. त्याच्या बायकोनं, आनंदाबाईनं, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात घोड्याच्या नालेची अंगठी घातली होती. थाप पडली की ती ढोलकाच्या लाकडी कडेला लागे. टिक्. थापेच्या जरा मागून, टिक्. रेकॉर्डिंगवाला वैतागला.

"काढा ना बापा ते लोखंड!"

"कशी काढू? शनिमहाराज बसले हायेत मानगुटीवर," चंद्रभान म्हणाला.

तिसऱ्या भजनात सदाशिवरावांना खोकल्याची उबळ आली. ते तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाले. चंद्रभान मात्र वाजवत राहिला. गाणारा पाणी पिऊन येईपर्यंत ढोलकानं जागा धरून ठेवायची असते, एवढंच त्याला भजनानं शिकवलं होतं. आठ आवर्तनं तो एकटा वाजवत होता. पुन्हा गायचा सदाशिवरावांना कंटाळा, म्हणून ते कॅसेटमध्ये तसंच राहिलं. कव्हरवर सदाशिवरावांचा हार घातलेला फोटो आणि खाली छापलं होतं, 'सदाशिवराव आणि संच'. संचात आपण आलोच की, म्हणून हा गडी खूश! पाहुण्यांना ते कव्हर दाखवत सुटला.

साडेसाती संपली तेव्हा आनंदाबाईनं त्याला मारुतीच्या देवळात नेलं. तेल वाहिलं, अंगठी देवाच्या पायाशी ठेवली आणि दोघं मागे वळून न पाहता घरी आले. पीडा टळली, असंच दोघांना वाटलं.

पंचवीसेक वर्षं गेली. बोरगाव मेघेच्या ऋतिक नावाच्या पोराला घरच्या ट्रंकेत ती कॅसेट सापडली. त्यानं ती आठ आवर्तनं कापून काढली, पुन्हा पुन्हा जोडली आणि त्यावर स्वतःचं रॅप म्हटलं. मग काय विचारता! वर्ध्यातला असा डीजे नाही ज्यानं ते वाजवलं नाही. चंद्रभाननं ते पहिल्यांदा पानठेल्यावर ऐकलं. डोक्याच्या आधी त्याची बोटं हलली. ठेलेवाल्याकडून मोबाइलमध्ये घेऊन तो घरी आला आणि आनंदाबाईच्या कानाला लावला. ती कणीक मळत होती. हात तसेच परातीत ठेवून ती ऐकत राहिली.

"अवं, हे त माह्यी अंगठी हाये!"

चंद्रभानचे डोळे भरले. जगात एका माणसाला तरी कळलं होतं.

आणि मग वर्ध्याला ऋतिकचा सत्कार ठरला. ऋतिक गुणी पोरगा, म्हणाला, ज्यांच्या कॅसेटमधून ठेका घेतला त्या सदाशिवरावांचाही करा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय! पण चंद्रभानला शाल नको होती. चार लोकांत एकदा आपलं नाव घेतलं जावं, बस्स. आनंदाबाईनं त्याच्या सदऱ्याला इस्त्री केली.

"नाव घेतात का नाई, नीट आयकून येजा," ती म्हणाली.

तो सातव्या रांगेत बसला. स्टेजवर ऋतिकनं सदाशिवरावांना विचारलं, "काका, ते टिक्-टिक् कशाचं हाय? सगळे मलेच विचारून राह्यले."

सदाशिवराव गालात हसले. "माह्या टाळाचं."

चंद्रभान ताडकन उठला. "टाळ नाई! अंगठी हाय ते! माह्या बोटातली अंगठी!"

लोकांनी माना वळवल्या. ऋतिकनं मात्र त्याला हात धरून वर नेलं आणि ढोलक पुढे ठेवला. "वाजवा काका."

चंद्रभाननं वाजवला. दुसऱ्या आवर्तनाला हात बसला. ठेका तोच, वजन तेच. ऋतिक कान देऊन ऐकत होता.

"भारी वाजवता काका. पण टिक् कुठं हाय?"

चंद्रभाननं मधल्या बोटाकडे पाहिलं. "अंगठी मारुतीले देल्ली ना मी."

हशा पिकला. खुर्च्या हलेपर्यंत लोक हसले. सदाशिवरावांनी माइक हातात घेतला. त्यांनी चंद्रभानकडे पाहिलं. त्या एका क्षणी चंद्रभानला वाटलं, आता सांगतील. इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसलो, आता तरी सांगतील.

"आमच्या गावचे जुने भजनी हायेत," सदाशिवराव म्हणाले. "माह्यी कॅसेट आयकून आयकून बसलं त्याइच्या हातात. टाळ्या वाजवा त्याइच्यासाठी."

टाळ्या पडल्या. जोरात पडल्या. त्या टाळ्यांतच तो पायऱ्या उतरला आणि खुर्चीकडे न जाता थेट बाहेर पडला. चीड आली होती, पण कोणावर काढायची? सदाशिवरावांवर, की देवाच्या पायाशी स्वतःच्या हातानं ठेवून आलेल्या पुराव्यावर?

घरी आनंदाबाई ओट्यावर वाट पाहत होती.

"घेतलं का नाव?"

"घेतलं ना."

"काय म्हनलं?"

चंद्रभाननं इस्त्रीचा सदरा काढून खुंटीला अडकवला.

"आणि संच," तो म्हणाला.