चिमणी, वरच्या रांगेत

आमच्या घरात माहजोंग हा शब्द कुणी कधी उच्चारला नाही. आमच्यासाठी तो वड्यांचा खेळ. नाशिकरोडच्या घरात पहिला कॉम्प्युटर आला तो माझ्या अभ्यासासाठी, आणि दुकानदाराने त्यात हा खेळ फुकटात टाकून दिला होता. पडद्यावर एकावर एक रचलेल्या चौकोनी फरश्या. सारख्या दोन शोधायच्या, टिचकी मारली की गायब. आई पिठाच्या हातांनी माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ताटात वड्या लावल्यात जणू." झालं, बारसं झालं.

हा चिनी खेळ मुळात चौघांनी टेबलाभोवती बसून खेळायचा. कॉम्प्युटरवाल्यांनी त्याच्या फरश्या तेवढ्या उचलल्या आणि तो एकट्याचा केला, हे मी फार नंतर वाचलं. आमच्याकडे मात्र तो एकट्याला कुणी खेळूच दिला नाही. खुर्चीत एक जण आणि पाठीमागे सगळं घर. चिनी अक्षरं कुणाला येत होती? मग आम्हीच नावं ठेवली. गोल गोल नक्षीच्या त्या बांगड्या, बांबूचे ते ऊस, कोरी चौकट म्हणजे खिडकी आणि पाखराचं चित्र असलेली चिमणी. फुलांच्या फरश्या एकसारख्या नसतानाही जुळायच्या, म्हणून आई त्यांना व्याही म्हणायची.

पुढे तो डबा भंगारात गेला आणि खेळ आईच्या मोबाइलमध्ये आला. फरश्या नखाएवढ्या झाल्या आणि मध्ये मध्ये जाहिराती सुरू झाल्या. मी तोवर लग्न होऊन गंगापूर रोडला आले होते. दर रविवारी माहेरी गेलं की सोफ्यावर दोघं शेजारी शेजारी. आईच्या हातात मोबाइल, वडिलांची मान तिच्या खांद्यावरून वाकलेली. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात उभी नोकरी यंत्रांच्या घरघरीत झालेली, त्यामुळे हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही. "चिमणी, वरच्या रांगेत! दुसरी खाली, डावीकडे!" आईने बोट टेकवलं की फरश्या गायब. गंमत म्हणजे या वयात वडिलांना जाहिरातीही तोंडपाठ व्हायला लागल्या होत्या. गुडघ्याच्या तेलाची तर चालीसकट.

मग डॉक्टरांनी सांगितलं, आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तो पिकलाय, ऑपरेशन लांबवू नका. आईने हात झटकले. तिचं माहेर देवळ्याचं, आणि तिकडच्या बाईने एकदा नाही म्हटलं की विषय संपला. "मोतीबिंदू असता तर हे जमलं असतं का गं?" असं म्हणत तिने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. पडदा रिकामा, वर डाव जिंकल्याचे फटाके फुटत होते. दर रविवारी मी ऑपरेशनचं काढायचे आणि दर रविवारी ती फटाके दाखवायची. माझा तर संताप संताप व्हायचा. पोह्यांत साखरेच्या जागी मीठ पडलं तरी हिचे डोळे म्हणे ठणठणीत!

एका रविवारी वडील कोथिंबीर आणायला खाली गेले. मी म्हटलं, "आई, चल, आपण डाव टाकू." तिने मोबाइल उचलला. बोट हवेत फिरलं, थांबलं. एका उसावर टेकलं, मग एका बांगडीवर. जोडी चुकली म्हणून मोबाइल थरथरला. पुन्हा तेच. "आज वड्याच खराब आल्यात," ती म्हणाली. "यांना येऊ दे." तिचं नाक काचेला टेकत होतं. मला आधी हसू आलं आणि मग एकदम रडू आलं. माझ्या आईला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

वडील दारात आले तशी मी त्यांच्यावर तुटून पडले. "पप्पा, तुम्ही तिला सांगून सांगून खेळवता?"

ते कोथिंबिरीची जुडी घेऊन तसेच उभे राहिले. "ती लय घाबरते गं. मला नाही बघवत."

आई ऑपरेशनला तयार झाली, पण एका अटीवर. "यांनी दाराबाहेर बसायचं. हलायचं नाही." वडील बसले. चहालासुद्धा उठले नाहीत.

एकामागून एक दोन्ही डोळे झाले. डॉक्टरांनी मोबाइलची परवानगी दिली तो रविवार मी विसरणार नाही. आईने डाव उघडला आणि ती ओरडलीच, "अगंबाई! ही चिमणी नाय, मोर हाय! तुरा बघ केवढा!" इतकी वर्षं मोराला चिमणी म्हणणारं आमचं घर हसून हसून लोळलं.

वडील मात्र सवयीने खांद्यावरून वाकले. "मोर, उजवीकडे, कडेला."

"अहो, त्या बांगड्या आहेत."

"मग त्याच्या शेजारी."

"तो ऊस." आईने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. "आणि हा कोपऱ्यातला दिवा कसला? मला कधी दिसलाच नाय."

वडील घाईने म्हणाले, "तो बंद पडलाय, दाबू नकोस." तिने दाबला. गुडघ्याच्या तेलाची जाहिरात चालीसकट सुरू झाली आणि ती संपल्यावर दोन फरश्या आपोआप लुकलुकायला लागल्या. म्हणजे हे गृहस्थ रोज जाहिराती बघून दिवा लावत होते आणि लुकलुकेल ते आईला सांगत होते. दोघांत मिळून एकही धड डोळा नव्हता!

आईने अंगठ्याआड दिवा झाकला आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "आता सांगा."

वडिलांनी डोळे बारीक केले, चष्मा पुसला, पुन्हा घातला. शेवटी हळूच म्हणाले, "कोथिंबीर संपली असेल ना? आणतो."

"बसा खाली," आई म्हणाली. पण तिने त्यांचा हात आपल्या हातात घेतला होता. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "डॉक्टरांना फोन लाव. यांच्या डोळ्यांसाठीपण वेळ घे. आणि त्यांना सांग, दाराबाहेर मी बसणार हाय."