खारपाणातला गूळ

माझं सासर पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. जमीन काळीभोर, पाणी मात्र खारं; विहीर खणा नाहीतर बोअर मारा. लग्न होऊन तिवशाहून इथे आले तेव्हा पाण्याचा पहिला घोट मी अंगणातच थुंकला होता. सासूबाईंचा तो राग बरीच वर्षं गेला नाही.

अशा गावात मी ऊस लावायचा हट्ट धरला. वावरात शेततळं झालं होतं, त्यात पावसाचं गोड पाणी होतं आणि माझ्या डोक्यात माहेरकडची गुऱ्हाळं होती. बांधालगतचा एक तुकडा मिळाला, पण मामंजींनी बजावलं, "गूळ खारा निघाला तं उसाची मुळंबी उपटीन अन् कपाशी लावीन. मंग रडाचं नाही." उन्हाळ्यात तळं आटलं. ऊस वाळू लागला तेव्हा नवऱ्याने बोअर सुरू केला. दुसरा इलाजच नव्हता. त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला, कारण उसाला द्याल तेच पाणी गुळात उतरतं.

थंडीत चरक आणि काहील भाड्याने आणली. गुळव्या म्हणून गावातलेच एक म्हातारे चाचा मिळाले. तरुणपणी ते चांदूर रेल्वेकडे गुऱ्हाळावर कामाला होते. रस उकळला, मळी निघाली, पाक थंड व्हायला पसरट वाफ्यात ओतला. वास सुटला तशी माणसं जमली. गुऱ्हाळावरून कोणाला कोरड्या तोंडाने पाठवत नाहीत, म्हणून चिपाडाच्या तुकड्यांवर गरम गूळ घेऊन सगळे चाटत बसले. "गोड हाये", "साखरीवानी हाये", जो तो म्हणायचा. मीही चाखला. गोडच! मी अशी हरखले की विचारू नका.

चाचांनी तो आनंद पार उतरवला. "बाई, आमच्या जिभेवर जाऊ नको. आमी सारे याच विहिरीवर वाढलो. आमाले खारं समजत असतं तं या गावात राह्यलो असतो का?"

खरंच की. आणि मीही इतकी वर्षं तेच पाणी पीत होते. माझी जीभ सासरची कधी झाली, मला कळलंसुद्धा नाही. त्या क्षणी मला माझाच भयंकर राग आला.

नवऱ्याने माझ्या आईला फोन लावला. आई महा फटकळ. लेकीचं मन राखायला खोटं बोलेल तर शपथ. दुसऱ्या दिवशी भावाच्या मोटारसायकलवर बसून आली. ढेपी घट्ट झाल्या होत्या. मामंजी बाजेवर, शेजारी सासूबाई पदर खोचून उभ्या. आईने आधी घरून आणलेल्या बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली. सासूबाईंनी ते पाहिलं आणि मान फिरवली. आईने गुळाचा खडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि चघळत राहिली.

"कसा हाये?" मामंजींनाच धीर धरवेना.

आईने दुसरा खडा उचलला. "काय पायजे आनखी? आमच्याकडच्यावानीच हाये. राहू द्या तो ऊस."

मी मटकन चिपाडाच्या ढिगावर बसले. सुटले एकदाची! इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. सासूबाई लगेच शेजारणीला सांगायला निघाल्या, की आमच्या वावरात गूळ झाला. 'आमच्या'वर चांगलाच जोर होता. असू दे, म्हटलं.

आई मात्र पाठ फिरवून उभी होती. जवळ जाऊन पाहिलं तर पदराने डोळे पुसत होती.

"कावून रडून राहिली वं माय? गूळ तं गोड हाये ना?"

"गोड हाये म्हनूनच," ती म्हणाली. "तुले खाऱ्या पान्यात देलं म्हनून तुह्या बापासंग मी आजलोक भांडत आली. एक खडा बांधून दे. घरी गेल्यावर त्यायच्या हातावर ठेवतो."