विहीणबाईंचा लांबलेला रुसवा

सन एकोणीसशे सत्त्याण्णव. मला छप्पन्नावं लागलं होतं, आणि तोवर मी असं धरून चाललो होतो की भोरपासून सारोळ्याच्या पुलापर्यंत माझ्याएवढं हट्टी माणूस दुसरं नाही. त्या वैशाखात माझ्या थोरल्या लेकीचं लग्न झालं आणि तो मान माझ्याकडून गेला. तो नेला तिच्या सासूनं, कामथडीच्या माझ्या विहीणबाईंनी. मी चौथी शिकलेला माणूस, सजवून लिहायला मला येत नाही, पण एवढं ठासून लिहितो की अशी बाई ह्या मुलखात आधी झाली नव्हती आणि पुढं होईल असं मला वाटत नाही.

दिसायला चारचौघींसारख्याच. नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कमरेला बटवा. फरक होता तो बटव्यात. इतर बायांच्या बटव्यात पान, सुपारी, चुना, कात. ह्यांच्या बटव्यात त्या सगळ्याच्या जोडीला एक स्क्रू काढायचा लाल मुठीचा पेचकस. काहीही बंद दिसलं की त्यांचा हात बटव्याकडं जायचा. घरातला रेडिओ त्यांनी उघडला, भिंतीवरचं घड्याळ उघडलं, शेजारणीचा नवाकोरा मिक्सर उघडला. आता तुम्ही म्हणाल, बाई हुशार, दुरुस्त करत असतील. छे! उघडलेली एकही वस्तू त्यांना परत बसवता आली नाही. त्यांच्या घरचा रेडिओ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो परातीत होता. माझे व्याही गरीब स्वभावाचे. त्या परातीकडं बघून हळूच म्हणाले, "बातम्या ऐकाया मी शेजारी जातो."

"मग उघडता कशाला?" मी विहीणबाईंना विचारलं.

"आत काय हाय ते बघाया."

"आन् बसवायचं कुणी?"

"ते शिकावं लागतं, व्याही. मला कुणी शिकवलंय?"

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी त्या प्रत्येकाला सांगत आणि प्रत्येक वेळी नव्यानं चिडत. त्यांच्या माहेरी विहिरीवर ऑईल इंजिन होतं. ते बिघडलं की भोरहून मिस्तरी यायचा, इंजिन खोलायचा, आणि ह्या जवळ जाऊन बसल्या की म्हणायचा, "पोरी, लांब हो, पदर अडकंल." "आवं, मला पदर कुठं होता?" विहीणबाई मांडीवर हात आपटून म्हणायच्या. "परकर होता माझा!"

एस.टी.त बसल्या की त्या कंडक्टरकडं तिकीट पाडायचं पंच मागायच्या. एकदा मी बरोबर होतो. कंडक्टर म्हणाला, "आजी, हे सरकारी हाय." ह्या म्हणाल्या, "सरकारी म्हणजे माझं बी हाय. दे." त्यानं हसत दिलं. ह्यांनी विड्याच्या पानाला भोक पाडलं, पंच कानाशी धरून दोनचारदा वाजवलं, आतली कमान कुठं दबते ते बोटानं चाचपलं आणि परत दिलं. दुसऱ्या खेपेला टेलिफोनचा लाइनमन खांबावर चढलेला दिसला, तर तो उतरेपर्यंत भर उन्हात खाली थांबल्या आणि विचारलं, "बाबा, आवाज तारंतनं जातो, तर तार हलत का न्हाई?" खरं सांगतो, हा प्रश्न मलाही बरीच वर्षं पडला होता. पण मी तो कुणाला विचारला नव्हता. डोक्याला पटका बांधणाऱ्या माणसानं खांबाखाली उभं राहून असलं काही विचारायचं म्हणजे काय! लाइनमन काय सांगतो ते ऐकायला मात्र मी धोतराचा सोगा खोचायच्या निमित्तानं तिथंच रेंगाळलो. त्याचं उत्तर दोघांनाही कळलं नाही.

वाटेत शाळकरी पोर दिसली की आपण विचारतो, कितवीला आहेस. विहीणबाई विचारायच्या, "आज काय उघडून बघितलंस?" पोरी लाजायच्या, पळायच्या, आणि पुढच्या वेळी आपण होऊन सांगायच्या की आज्ज्याची बॅटरी उघडली. नव्या नवरीची ओटी भरताना विहीणबाई खण, नारळ, तांदूळ घालत आणि वर विजेचा टेस्टर ठेवत. वरमाया तोंडं फिरवायच्या. पण माझी थोरली सांगते, कामथडीच्या आसपास अशी पुष्कळ घरं आहेत जिथं फ्यूज उडाला की बाई उठते आणि बुवा पाटावर बसून राहतो.

अशात भोरच्या बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास निघाला. क्लास काढणारी पोरगी म्हणजे बांगडीवाल्या चाचांची लेक. ती पुण्याला मावशीकडं राहून ते शिकून आली होती. चाचांचं म्हणणं, शिकलीस ते बास, आता निकाह कर. विहीणबाई त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. थोरलीच्या लग्नाआधीच्या दिवाळीला दुकानात गेल्या, जुन्या बांगड्या उतरवल्या, नव्या भरायला हात पुढं केला आणि मागं घेतला. "आदी लेकीला क्लास काढू द्या, मग चुडा भरीन." चाचा कासावीस झाले. सवाशीण आपल्या दुकानातून मोकळ्या हातांनी जाणार, तेही सणाला! "वहिनी, असं करू नका, माझ्या धंद्याला बरं नव्हं ते." "मग ठरवा." चाचांनी ठरवलं. क्लासच्या पहिल्या दिवशी विहीणबाई कुंकवाचा करंडा घेऊन मशीनपुढं बसल्या आणि जिथं फ्लॉपी घालतात त्या फटीत कुंकवाचं बोट घालणार, तेवढ्यात ती पोरगी ओरडली, "काकू, आत नको! वरून लावा, वरून!"

हे सगळं मी ऐकून होतो आणि हसत होतो. पाळी माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं.

आमच्याकडं लग्नात विहीण रुसते. रुसायचंच असतं. विहिणीच्या पंगतीला ताटावर बसून ती हात मागं घेते, मुलीचा बाप हात जोडतो, एखादं भांडं, एखादं लुगडं जास्तीचं कबूल करतो, बाया गाणी म्हणतात, आणि पुरणपोळी गार व्हायच्या आत विहीण जेवायला लागते. मी तयारीत होतो. पितळेची घागर आधीच आणून ठेवली होती.

"बोला विहीणबाई, काय कमी पडलं? घागर देऊ?"

"घागरी हायेत."

"मग लुगडं?"

"लुगडी बी हायेत." आणि त्यांनी बोट केलं माझ्या धाकट्या लेकीकडं. ती तूप वाढत होती. "हिला भोरला कॉम्प्युटरच्या क्लासात घाला."

पंगत हसली. मीही हसलो. विहीणबाई हसल्या नाहीत, तेव्हा मी म्हणालो, "आमच्या घरच्या पोरी एकट्या भोरला जाऊन दिवेलागणीला येत न्हाईत. आन् पोरीच्या जातीला यंत्र काय कळतंय? हिला काय जमणार!"

"मग मी रुसले," त्या म्हणाल्या. "अन्नाचा अपमान नको म्हणून जेवते. पन तुमच्या घरचं पाणी आता घेणार न्हाई."

रुसवा तासाभराचा असतो. हा वर्षभर चालला. नागपंचमीला थोरलीला माहेरी घेऊन आल्या, दिवाळीला आल्या, गावच्या जत्रेला आल्या, आणि दर वेळी शेजारच्या पोराची प्लॅस्टिकची वॉटरबॅग गळ्यात अडकवून आल्या. कामथडीचं पाणी. माझ्या ओट्यावर बसायच्या, मेथी निवडू लागायच्या, हसायच्या, गावातल्या पोरींना जमवून मशीनच्या गोष्टी सांगायच्या, आणि तहान लागली की गळ्यातल्या बॅगेचं झाकण फिरवायच्या. राग म्हणाल तर रतीभर नव्हता. रुसवा फक्त पाण्यापुरता. पण माझ्या दारातून माणूस तहानलेलं जातं, हे गाव बघत होतं. पारावर लोक विचारायचे, "काय, पाजलं का पाणी विहिणीला?"

मी हटलो नाही, आणि माझं म्हणणं अगदीच पोरकट होतं असं मी आजही मानत नाही. आमचं गाव डोंगरात. रात्री मुक्कामाला येणारी एकच एस.टी., सकाळी तीच भोरला जाणार, पावसाळ्यात ती कुठं बंद पडेल याचा नेम नाही. धाकटी तोंडानं काही बोलायची नाही. पण विहीणबाई आल्या की तिचं घरातलं काम पुढं सरकायचं नाही. ओट्याच्या कडेला बसून एकेक गोष्ट खोदून विचारायची. मी आत पडल्या पडल्या ऐकायचो. तो डबा म्हणे हिशेब करतो, चित्रं काढतो, सांगितलेलं विसरत नाही. माणूस आत नाही, मग ध्यानात ठेवतं कोण? मला फार वाटायचं की उठून विचारावं. पण विचारलं असतं तर हरलो असतो.

धाकटीची बारावी झाली. त्या जूनमध्ये क्लास, नाहीतर लग्न. तिसरी वाट नव्हती, आणि हे ती जाणून होती. मी वेल्ह्याचं एक स्थळ बोलावलं. पाव्हणे जीपमधून आले. मुलगा, त्याचा बाप आणि सगळं बोलणं करणारा मामा. नेमक्या त्याच दिवशी विहीणबाई वॉटरबॅग घेऊन हजर.

पोहे आले, पाणी फिरलं. विहीणबाईंनी गळ्यातलं झाकण फिरवलं. मामा बघत राहिला.

"ह्या पाव्हण्या आपलंच पाणी का पितात? घरात सुतक-बितक हाय का?"

"सुतक न्हाई, रुसवा हाय," विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. धाकटी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

मामा मांडीवर थाप मारून हसला. "आवो बाई, पोरीच्या जातीला यंत्र काय कळतंय? त्यात ही डोंगरातली. हिला काय जमणार!" आणि माझ्याकडं बघून त्यानं डोळा मिचकावला, म्हणजे मी पण हसावं.

बोलणं माझंच होतं. शब्दन् शब्द. वर्षभर मी तेच बोलत होतो आणि माझ्या तोंडात ते कधी कडू लागलं नव्हतं. पण परक्यानं माझ्या ओट्यावर बसून, माझे पोहे खात, माझ्या लेकीच्या तोंडावर ते म्हणावं?

"का जमणार न्हाई?" मी म्हणालो.

"आवो, तुमीच म्हनाला हुता ना? बाईंनी आत्ताच सांगितलं—"

"मी म्हनंन. मी बाप हाय तिचा. तुमी कोण?"

मुलाच्या बापानं खाकरून विचारलं, "मग बैठकीचं काय करायचं?"

"पोहे खावा," मी म्हणालो. "गार होत्यात."

जीप गेल्यावर मी स्वतः आत जाऊन तांब्या भरला आणि विहीणबाईंपुढं धरला. त्यांनी लगेच हात पुढं केला नाही.

"कवापास्नं?"

"उद्यापास्नं. पयल्या गाडीनं."

मग तांब्या घेतला, मान वर करून घटाघट सगळा रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मचूळ हाय की पाणी तुमचं. उगाच वर्षभर जीव टांगणीला लावला मी." धाकटी हसता हसता रडायला लागली.

पुढं ती पोरगी भोरला शिकली, मग पुण्याला शिकली, आज तिथंच एका कंपनीत आहे. तिथं ती काय करते ते मला अजून नीट कळलेलं नाही. मी विचारतो, ती सांगते, मी परत विचारतो. विहीणबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात धाकटीनं त्यांना मोबाईल आणून दिला होता. त्यांनी अंथरुणात पडल्या पडल्या तो उघडला. धाकटीनं तो झरझर बसवून हातात दिला, तर म्हणाल्या, "परत उघड. आन् आता हळू बसव, मला बघू दे." धाकटीनं किती वेळा तरी तो उघडून बसवला. विहीणबाई कुशीवर वळून, लहान पोरीसारख्या, तिच्या बोटांकडं बघत होत्या. कुणीही त्यांना लांब हो म्हणालं नाही.

पण मला राहून राहून आठवते ती त्यांनी पाणी घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. मुक्कामी गाडीनं मी धाकटीला घेऊन भोरला गेलो. माडीचा जिना अरुंद. वर दाराबाहेर चपला काढायच्या होत्या, आत धूळ चालत नाही म्हणून. तिनं चपला काढल्या, एकदा माझ्याकडं बघितलं आणि आत गेली. बांगडीवाल्यांची लेक दारात आली. "बाबा, या की आत." मी म्हणालो, "मला काय करायचंय?" आणि पायरीवर बसलो. आतून टकटक असा बारीक आवाज यायला लागला, थांबायचा, परत यायचा. मध्येच माझी लेक हसली. कशाला हसली ते बाहेरून कळेना. खाली बाजार भरत होता, ओळखीचा एकजण रस्त्यावरून हाक मारून गेला. मी थोडा वेळ तसाच बसलो. मग उठलो, पटका सारखा केला, वहाणा तिच्या चपलांशेजारी काढल्या आणि आत गेलो.