अंगारकीच्या दिवशीची खिचडी

ती दुपार आठवली की आजही हातातला घास तोंडाशी थांबतो. मी तेव्हा भांडुपच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. डोंगरउतारावरच्या वस्तीतल्या शाळेत पोषण आहाराची खिचडी खाऊन मुलांना उलट्या सुरू झाल्या. रिक्षा, टेम्पो, मिळेल त्यात घालून लोकांनी मुलं रुग्णालयात पोहोचवली. जीव कुणाचा गेला नाही, पण हे कळायला दुसरा दिवस उजाडला. त्या दुपारी डॉक्टरही काही बोलायला तयार नव्हते.

रुग्णालयात दुसरीतल्या एका मुलीला मी विचारलं, "खिचडी कशी लागली गं?"

"कडू."

"मग खाल्लीस कशाला?"

"बाई बोलल्या, अन्नाला नावं ठेवायची नाहीत. आणि घरी आम्ही रात्रीच जेवतो ना."



ठाण्यात परतलो तर दाराशी ही गर्दी! मधल्या वेळात एक निनावी फोन आला होता. "खिचडीवाल्या बाईनेच मुद्दाम औषध घातलंय. कालच शाळेत भांडली ती." भांडण खरं होतं. बचत गटातर्फे शाळेची खिचडी रांधणारी ही बाई मूळची मालवणकडची. सगळी वस्ती तिला मावशी म्हणायची. तांदळातल्या खड्यांवरून तिने आदल्या दिवशी शाळा डोक्यावर घेतली होती.

त्यात भर पडली एका जबाबाची. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने खिचडी चाखायची, असा नियम आहे. ज्यांच्याकडे हे काम होतं त्या शिक्षिका म्हणाल्या, "मी चाखली, चव चांगली होती." म्हणजे जे काही घातलं ते चाखल्यानंतर, आणि त्यानंतर पातेल्यापाशी मावशी एकटी. वरून फोनवर फोन येत होते. अटक दाखवा, लोक शांत होतील. सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही, त्यामुळे निर्णय उजेडातच घ्यायचा होता. हवालदार दर थोड्या वेळाने दारात येऊन म्हणायचा, "साहेब, उन्हं उतरली."

महिला शिपायाला बसवून मी चौकशी सुरू केली.

"मावशी, खरं सांग. काय घातलंस?"

"सायब, ह्या हातान पोरांचा पोट भरतंय. मी इख घालीन? हात झडतले माझे."

मी आवाज चढवला, धमकावलं. बाई हलेना. पुन्हा पुन्हा तेच. शिपाईबाईला दया आली असावी. तिने चहा आणि वडापाव पुढे केला. मावशीने चहा घेतला, वडापाव बाजूला सारला.

"आज अंगारकी. चंद्र बघल्याशिवाय नाय."

मी विचारलं, "मग खिचडीतलं मीठ कसं बघितलंस?"

"अंदाजान. गटातल्या सगळ्यांचोच उपास."

जबाब देऊन शिक्षिका शेजारच्या खोलीत बसल्या होत्या. मी उठलो आणि तडक तिथे गेलो. शिक्षिकेपुढचा चहाचा कप रिकामा होता, बिस्किटं जशीच्या तशी.

"बाई, बिस्कीट घ्या."

"नको साहेब, आज माझा..." त्या मध्येच थांबल्या.

"आज तुमचा काय?"

ओढणी तोंडाशी धरून त्या रडायला लागल्या. "डाळ-तांदळाची खिचडी, त्यात कांदा-लसूण, साहेब. अंगारकी कशी मोडणार? रोज चाखते हो मी. आजच नाही चाखली."

मला संताप आला. 'मी चाखली' या त्यांच्या एका वाक्यावर मी एका निरपराध बाईला आत टाकायला निघालो होतो.

म्हणजे खिचडी मुळातच बिघडलेली असू शकत होती. मावशीला विचारलं, आज नवीन काय वापरलंस? "तेल. कॅन आजच उघडलो." पंचांसमोर त्या कॅनचं झाकण काढलं आणि तेलाच्या वासाखालून ढेकणांच्या औषधाचा भपकारा आला. लसणाच्या फोडणीत तो दबला होता. जिभेपासून लपला नसता.

निनावी फोन कुठून आला ते तोवर निघालं होतं. तेल देणाऱ्या दुकानातूनच! दुकानदाराला समोर बसवून कॅन टेबलावर ठेवला. तो आधी गुर्मीत होता, मग घामाघूम झाला. "धुतला होता साहेब, दोनदा धुतला. चांगला कॅन फुकट कशाला फेकायचा?" औषधाच्या रिकाम्या कॅनमध्ये त्याने सुटं तेल भरलं होतं. मुलं उलट्या करतायत हे ऐकताच त्याला उमगलं आणि चोराच्या उलट्या बोंबा मारत त्याने मावशीकडे बोट दाखवलं. पुढे प्रयोगशाळेच्या अहवालानेही तेच सांगितलं.

दिवस मावळायच्या आत मावशीला सोडलं. ती घरी गेली नाही. "पोरां खंयच्या हास्पिटलात आसत?" एवढंच विचारून गेली.

त्या प्रकरणात एक दुकानदार सोडला तर कुणाच्या मनात पाप नव्हतं. सगळ्या भाविक बायका, आणि नेमक्या त्याच दिवशी त्या पातेल्यातलं अन्न मुलांआधी कुणाच्याही तोंडात गेलं नव्हतं. तेव्हापासून चौकशीत मी माणसाचा हेतू नंतर शोधतो. आधी त्याचा तो दिवस कसा गेला ते विचारतो.

जवळपास महिनाभर खिचडी बंद होती. ती पुन्हा सुरू झाली त्या दिवशी मीही शाळेत गेलो. नेमकी संकष्टी होती. ताटं वाढली, पण एकाही मुलाचा हात चालेना. भुकेली पोरं नुसती ताटाकडे बघत बसलेली. मावशीने स्वतःला वाढून घेतलं आणि त्या दुसरीतल्या मुलीशेजारी मांडी घातली. शिक्षिकाही ताट घेऊन पंगतीत बसल्या.

"मावशी, उपास?" मी विचारलं.

"देव थांबता, सायब. पोरांची भूक थांबणा नाय."

तिने घास घेतला, चावला, गिळला. मुलगी तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"कडू नाय ना?"

"नाय गो बाय."

तेव्हा कुठे तिने ताटात हात घातला.